६० पाउंडच्या कंपाउंडला कार्बन बाण कुठले घेऊ? स्पाइन ३४० का ४००?

नोव्हीचा_नाना

नमस्कार मंडळी. मी मिशिगनात, डेट्रॉइटच्या बाजूला असतो, गाड्यांच्याच धंद्यात, मूळचा चिंचवडचा. ऑफिसातल्या एका गोऱ्याच्या नादी लागून दोन वर्षांपूर्वी कंपाउंड धनुष्य घेतलं, तेव्हापासून दर शनिवारी रेंजवर जातोय, २० यार्डावर आता सहाच्या सहा बाण जेवणाच्या ताटलीत मावतात, ३० वर अजून एखादा ताटाबाहेर सांडतो. हंटर सेफ्टीचा कोर्स झाला (इथे १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना तो सक्तीचा आहे), आणि यंदा १ ऑक्टोबरला बो सीझन उघडला की पहिल्यांदाच व्हाइटटेल हरणासाठी बसायचं ठरवलंय. बायको म्हणते आधी दुधाची पिशवी वेळेवर आणायला शिक, पण ते असो.

तर प्रश्न बाणांचा. आत्तापर्यंत धनुष्याबरोबर फुकट मिळालेले सहा बाण वापरले, त्यातले दोन गेले आणि उरलेल्यांवरचे आकडे पुसले गेलेत. आता डझनभर नवीन घ्यायचे तर तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या. दुकानवाला म्हणतो ४०० स्पाइन घे, १०० ग्रेनचं (ग्रेन म्हणजे बाणाच्या वजनाचं माप) टोक लाव, विषय संपला. ऑफिसातला मित्र म्हणतो ४०० म्हणजे नूडल, ३४० घे आणि पुढे १२५ लाव. आणि यूट्यूबवरचा एक दाढीवाला म्हणतो ६५० ग्रेनच्या खाली बाणच नाही, बाकी सगळे खेळणी घेऊन फिरताय. त्यात सरळपणा ०.००१ का ०.००६ इंच, जाडी पाच मिलिमीटर का सहा, अ‍ॅल्युमिनियमचा इन्सर्ट का पितळेचा (इन्सर्ट म्हणजे टोक बसवायची आतली नळी), हे वेगळंच. ८० डॉलरला डझन पण मिळतात आणि २०० ला पण, फरक डोळ्याला तर काहीच दिसत नाही.

माझं धनुष्य ७० पाउंडवालं आहे पण मी ६० वर ठेवलंय, ड्रॉ लेंग्थ (दोरी ओढायची लांबी) २८ इंच. मचाण झाडावर १८ फुटांवर, आणि २५ यार्डाच्या पुढे मारणार नाही असं स्वतःलाच वचन दिलंय. कुणी आपला माणूस या फंदात असेल तर नीट मराठीत समजावून सांगा प्लीज.

मचाणवाला_काका

नाना, स्वागत. मी विस्कॉन्सिनात, बावीस सीझन बघितले, त्यातले पहिले तीन नुसते डास मारण्यात गेले. या नादात मराठी माणसं कमी भेटतात, मंडळाच्या गणपतीत विषय काढला की लोक हळूच मोदकाच्या टेबलाकडे सरकतात.

आधी एक सांगतो, तुम्हाला सांगणारे ते पहिले दोघंही बरोबर आहेत, आणि तरी तुमचा गोंधळ होणारच कारण दोघं वेगवेगळ्या बाणाबद्दल बोलतायत. स्पाइन म्हणजे काय ते एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. २८ इंच अंतरावर दोन टेकू, त्यावर शाफ्ट (बाणाची नळी) आडवा ठेवायचा, मधोमध १.९४ पाउंडाचं वजन टांगायचं, आणि शाफ्ट किती वाकला ते मोजायचं. ०.३४० इंच वाकला तर तो ३४०, ०.४०० वाकला तर ४००. म्हणजे आकडा लहान तितका बाण ताठ. तुम्ही गाड्यांतले, वायरच्या गेजसारखं उलटं समजा.

पण हे झालं टेबलावर पडलेल्या बाणाचं. सुटताना मागून दोरीचा दणका बसतो, पुढचं टोक जागेवरून हलायला तयार नसतं, मध्ये बिचारा शाफ्ट वाकतो. तो किती वाकणार ते तीन गोष्टींवर: दणका किती (ड्रॉ वेट, म्हणजे ओढायचे पाउंड, आणि कॅम, म्हणजे धनुष्याची चाकं, किती आडदांड आहेत ते), शाफ्ट किती लांब, आणि पुढे किती वजन टांगलंय. लांबी वाढवली की बाण नरम वागतो, पुढे वजन वाढवलं की नरम वागतो, पाउंड वाढवले तरी नरमच. इंचभर कापला की ताठ होतो. म्हणून तोच ४०० चा शाफ्ट २८ इंच लांब आणि १०० ग्रेन टोकाला ६० पाउंडावर ठीक चालतो, पण त्याच्यावर पितळेचा इन्सर्ट आणि १२५ चं टोक चढवलं की तो तुमच्या मित्राच्या भाषेत नूडल होतो. दुकानदाराचा हिशोब हलक्या टोकाचा, मित्राचा जड टोकाचा. कंपनीचा तक्ता उघडून बघा, तुम्ही दोन खणांच्या बरोबर मधल्या रेघेवर बसलाय.

आणि रेघेवर असाल तर कंपाउंडवाल्यानं ताठ बाजूला झुकावं. रिलीजनं (दोरी सोडायच्या चापानं) सोडलेला थोडा जास्त ताठ बाण कंपाउंड निभावून नेतं, पण नरम बाणापुढे ब्रॉडहेड (शिकारीचं पात्यांचं टोक) लावलं की ते पात्यांचं विमान होतं आणि स्वतःच ठरवतं कुठे जायचं. शिवाय उद्या तुम्ही ६० चे ६५ करणार हे मी आत्ताच लिहून ठेवतो, सगळे करतात.

आता लांबी. ड्रॉ लेंग्थ २८ म्हणजे बाण २८ असं नाही. बाण मोजायचा नॉकच्या (मागे दोरीत अडकतो तो तुकडा) खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंत, पुढचं टोक धरायचं नाही. धनुष्य पूर्ण ओढून कुणाला तरी बाजूनं खूण करायला सांगा, रेस्टच्या (बाण टेकतो तो आधार) पुढे किती राहतो ते बघा, मग कापा. माझा पहिला डझन एका दुकानात कापून घेतला (नाव घेत नाही, आता ते दुकान पण राहिलं नाही), त्या पोरानं माझ्या ड्रॉ लेंग्थचा आकडा ऐकला आणि त्याहून दीड इंच कमी सरसकट कापून दिले. फील्ड पॉइंट (सरावाचं साधं टोक) लावून काही जाणवलं नाही. ब्रॉडहेड लावून ओढला तेव्हा पातं माझ्या बोटांच्या पाऊण इंच पुढे. त्या दिवशी घाम फुटला तो नोव्हेंबरात फुटला. पूर्ण डझन फुकट गेला, टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून अजून परसात उभा आहे.

कोल्हापूर_ते_कोमल_काउंटी

नानासाहेब रामराम, टेक्सासातनं बोलतोय. काकांनी लई पद्धतशीर सांगितलं, पण मी जरा आग लावतो 😄

माझं म्हणणं सरळ, बाण जड पाहिजे. मी ७० पाउंडावर ५६० ग्रेनचा मारतो. दाढीवाल्याला हसू नका, तो डॉ. अ‍ॅशबींचं बोलतोय, त्या माणसानं आफ्रिकेतली मोठमोठी जनावरं बाणानं मारून बाण किती घुसतो, हाड फोडतो का थांबतो, हे वर्षानुवर्षं मोजलं, ६५० चा आकडा तिथनं आलाय. आमच्याकडं रानडुक्कर म्हणजे उपद्रव, सीझन नाही काही नाही, खाजगी रानात मालकाची परवानगी असली तर २०१९ पासनं लायसन्स पण लागत नाही. त्या डुकराच्या खांद्यावर कातडीखाली असलं जाड कवच असतंय की हलका बाण टेकतोय आणि थांबतोय. मी स्वतः ३८० ग्रेनचा बाण आणि उघडणारं मेकॅनिकल ब्रॉडहेड घेऊन एका दांडग्याला मारलं, बाण चार इंच आत गेला, डुक्कर बाण घेऊन मेस्किटच्या झाडीत पसार, रात्री दोनपर्यंत हेडलाइट लावून हुडकलं, नाही म्हंजे नाही गावलं. त्या रात्री झोप लागली नाही भावा. दुसऱ्या आठवड्यात सगळे बाण बदलले, जड शाफ्ट, पितळेचा इन्सर्ट, आणि दोन पात्यांचं घट्ट ब्रॉडहेड. तेव्हापासनं आरपार.

स्पीडच्या मागं लागू नका एवढंच.

सदाशिव_उवाच

हरणं मारायचा धागा मराठीत वाचावा लागेल असं वाटलं नव्हतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली ती काय उगाच? इतकंच वाटत असेल तर लक्ष्यावर मारा की.

मचाणवाला_काका

सदाशिवराव, भारतात बंद आहे ते योग्यच आहे आणि इथल्या कुणी सुट्टीत गावाला जाऊन हे चाळे करू नयेत, सरळ तुरुंग आहे. इथली गोष्ट वेगळी. एकट्या मिशिगनात वर्षाला पन्नास हजारांच्या वर गाड्या हरणांना धडकतात, लांडगे बहुतेक भागातून गेले, मग हरणं आवरायला सरकारच परवाने विकतं, कुणी किती मारायची त्याची संख्या ठरवून देतं. तुम्हाला पटलं पाहिजे असं नाही. पण मारायचंच असेल तर जनावर तडफडू नये यासाठीच तर हा बाणांचा सगळा खटाटोप चाललाय.

नोव्हीचा_नाना

सदाशिवराव, आमच्या घरात पण हा वाद रोज होतो, तुम्ही आईच्या बाजूनं आहात 🙏

काका, वायरच्या गेजचं लगेच डोक्यात बसलं. पण आता वजनाचं सांगा. टेक्सासवाले दादा म्हणतात जड, रेंजवरची पोरं म्हणतात हलका आणि फास्ट, म्हणजे हरणाला आवाज ऐकून दबायला वेळच मिळत नाही. माझ्यातला इंजिनीअर म्हणतो मधलं काहीतरी असणार, पण आकडे दाखवा. आणि त्या ०.००१ चं पण.

पिवळ्यात_दहा

मी शिकारीतली नाही, साताऱ्याची आहे, टार्गेट कंपाउंड खेळते आणि आता लहान मुलांना शिकवते. आमच्याकडे २०२३ ला बर्लिनहून अदिती आणि ओजस दोघं वर्ल्ड चॅम्पियन होऊन आले (ओजसनं फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले, पंधराच्या पंधरा बाण दहात) तेव्हापासून ग्राउंडवर पोरांची रीघ आहे आणि प्रत्येकाच्या पालकाचा पहिला प्रश्न हाच, बाण कुठला. म्हणून उत्तर पाठ झालंय.

सरळपणाचं आधी. ०.००६ इंच म्हणजे दीड दशांश मिलिमीटर, डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवले तर तेवढं. ५० मीटरवर दहाच्या आतल्या छोट्या वर्तुळासाठी भांडणारीला तो फरक पडतो, २५ यार्डावर मचाणात जाडं जॅकेट घालून थरथरत बसलेल्या माणसाला नाही. राग मानू नका. तुम्ही ०.००३ चे घ्या, मधले. ०.००१ चे पैसे वाचवा. त्याच्यापेक्षा डझनातले सगळे बाण एकमेकांच्या वजनाला जवळ आहेत का ते बघा, आणि स्पाइन सगळीकडून सारखा आहे का ते. कार्बनची पानं गुंडाळून नळी करतात तेव्हा जिथे पान संपतं तिथे एक बाजू किंचित ताठ होते, स्वस्त बाणात ती जास्त जाणवते. एखादा बाण सतत बाहेर जात असेल तर लगेच फेकू नका, नॉक थोडा फिरवून परत मारा, बरेचदा परत घोळक्यात येतो.

आता ज्याच्यासाठी मी मुद्दाम लॉगिन केलं ते. कार्बन बाण अ‍ॅल्युमिनियमसारखा वाकून दाखवत नाही. तो बाहेरून छान दिसतो आणि आतून गेलेला असतो, आणि सोडताना तुटला तर त्याच्या सळया धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. नेटवर फोटो आहेत, जेवताना बघू नका. मी मुलांना सक्तीनं करायला लावते: प्रत्येक वेळी मारायच्या आधी बाणाची दोन टोकं दोन हातांत धरून चेहऱ्यापासून लांब हलका वाकवायचा, फिरवायचा, परत वाकवायचा, कान देऊन ऐकायचं. कट्ट असा बारीक आवाज आला, किंवा एका जागी जास्त नरम लागला, की तो बाण संपला, तिथेच मोडून टाकायचा म्हणजे दुसरं कुणी उचलणार नाही. कापसाचा बोळा शाफ्टवरून फिरवायचा, तंतू कुठे अडकला तर तिथे भेग आहे. बाणावर बाण लागला तर आनंद करून घ्या पण दोन्ही तपासा.

आणि घरी कापू नका हॅकसॉनं. कार्बन उसवतो. वेगानं फिरणाऱ्या घासणाऱ्या चकतीच्या करवतीवरच कापायचा, तोंडाला मास्क लावून, ती धूळ फुफ्फुसाला वाईट.

जाडीचं: आम्ही बाहेर बारीक बाण मारतो कारण वारा, आणि इनडोअरला जाड मारतो, ९.३ मिलिमीटरपर्यंत चालतात, म्हणजे रेघेला चाटला तरी वरचा गुण. तुम्हाला रेघ नाही, तर जाड नको. बारीकच बरा, पण अगदी चार मिलिमीटरचा नको, त्याचे इन्सर्ट वेगळे आणि महाग आणि नवशिक्याला नीट बसवता येत नाहीत.

मचाणवाला_काका

वा ताई, हे सगळं कॉपी करून ठेवतो. त्या कार्बनच्या सळयांवरून आठवलं, नाना, बाण जनावरात तुटला तर जखमेच्या आजूबाजूचं मटण सढळ हातानं कापून फेकून द्यायचं. माशाचा काटा निदान दिसतो, हा तंतू दिसत पण नाही आणि शिजत पण नाही.

आता वजन. आधी ग्रेन म्हणजे काय ते आपल्या भाषेत. सोनाराचा जुना तोळा आठवतोय ना, इंग्रजांनी ठरवलेला, तो बरोबर १८० ग्रेनचा (आताचे दुकानदार १० ग्रॅमला तोळा म्हणतात तो नव्हे, ११.६६ ग्रॅमचा खरा तोळा). म्हणजे ४५० ग्रेनचा बाण अडीच तोळ्यांचा. आमच्या सौ. ना असं सांगितल्यापासून त्या बाण हरवला का म्हणून रोज विचारतात.

आता तुमच्या धनुष्याचा हिशोब. ३४० स्पाइनचा पाच मिलिमीटरचा शाफ्ट घ्या, इंचाला साधारण साडेनऊ ग्रेन पडतो. २८ इंच म्हणजे २६६. साधा इन्सर्ट १६, टोक १००, दोन इंची तीन पिसं १८, नॉक ९. झाले ४०९. तोच शाफ्ट, इन्सर्ट पितळेचा ५० चा आणि टोक १२५, झाले ४६८. बाकी काही बदललं नाही, नुसतं नाक जड केलं.

माझा मुलगा ६० पाउंडच ओढतो, तुमच्याच मापाचा, त्यानं दोन्ही क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) मारून बघितले. ४०९ चा सेकंदाला २६२ फूट, ४६८ चा २४६. आता एनर्जी काढा, वजन गुणिले वेगाचा वर्ग भागिले ४५०२४०. पहिला ६२ फूट-पाउंड आणि चिल्लर, दुसरा जवळपास ६३. म्हणजे धनुष्यातून निघते ती ताकद जवळजवळ तीच, जड बाण थोडी जास्त घेऊन जातो एवढंच. मोमेंटम मात्र जड बाणाचा सात टक्के जास्त. आणि वेळ? २० यार्ड म्हणजे ६० फूट, पहिल्याला ०.२२९ सेकंद, दुसऱ्याला ०.२४४. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या दीडपट. दोरीचा आवाज त्या हरणापर्यंत ०.०५ सेकंदात पोचलेला असतो, बाण कुठलाही असो. त्याला दबायचं असेल तर तो दोन्हीला दबणार. उलट जड बाणाला धनुष्य कमी ठणकतं, आवाजच कमी येतो. म्हणून रेंजवरच्या पोरांचं स्पीडचं गणित २० यार्डावर मला कधी पटलं नाही. ४० यार्डावर अंदाज चुकला तर सपाट जाणारा बाण वाचवतो हे खरं, पण तुम्ही २५ चं वचन दिलंय ना.

फार हलका तर नकोच नको. धनुष्याच्या पाउंडाला ५ ग्रेनच्या खाली गेलात तर ते रिकामी दोरी सोडल्यासारखंच होत जातं, लिंब (धनुष्याचे वाकणारे हात) तडकतात आणि कंपनी वॉरंटी झटकते. तुम्ही ४६८ ला पाउंडाला पावणेआठ पडता, उत्तम.

कोल्हापूरकर, तुमच्या डुकराबद्दल वाद नाही, कवच मी पण बघितलंय. पण व्हाइटटेलच्या बरगड्या म्हणजे डुकराचा खांदा नव्हे. ६० पाउंडाच्या धनुष्यावर ६५० ग्रेन लादले तर बाण असा काही झोके घेत जाईल की साइटवरच्या १५ आणि २५ यार्डाच्या नेमाच्या पिनांमध्ये हातभर अंतर पडेल. आफ्रिकेतल्या गव्याचा हिशोब मिशिगनच्या हरणाला लावायचा म्हणजे मुंगीला तोफ. आणि खरं सांगू का, तुमचं ते डुक्कर गेलं ते ३८० ग्रेनमुळे की खांद्यावर मारल्यामुळे?

कोल्हापूर_ते_कोमल_काउंटी

काका, दुखत्या जागी बोट ठेवलंत. खांद्यावरच मारलं होतं. पण जड बाण असता तर तिथनंबी गेला असता, एवढं माझं टुमणं मी सोडणार नाही 😄 ४६८ ला माझी हरकत नाय नाना.

नोव्हीचा_नाना

तोळ्याचा हिशोब एक नंबर. ठरलं, ३४०, पाच मिलिमीटर, १२५ चं टोक. ब्रॉडहेड घट्ट पात्यांचं का मेकॅनिकल? आणि ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या जागीच लागतं का, का परत सगळी साइट लावायची?

मचाणवाला_काका

६० पाउंडाला मी घट्ट पात्यांचं म्हणेन. मेकॅनिकल उघडायला थोडी ताकद खातं, आणि उघडलं नाही तर काय हे कोल्हापूरकरांना विचारा. मिशिगनात ब्रॉडहेड निदान ७/८ इंच रुंद लागतं, तेवढं कुठलंही असतंच, तरी दर वर्षी नियमाचं पुस्तक चाळा. धार मात्र अशी की मनगटावरचे केस निघाले पाहिजेत. बंदुकीची गोळी धक्क्यानं मारते, बाण रक्तस्रावानं. बोथट पात्याच्या ५०० ग्रेनपेक्षा वस्तऱ्यासारख्या पात्याचे ४०० केव्हाही बरे. पाकिटातून नवीन काढलेलं पण तपासा, आणि सरावाला वापरलेलं तेच पातं सीझनला नेऊ नका.

लागण्याचं असं, धनुष्य नीट ट्यून असेल तर २० यार्डावर दोन्ही एकाच जागी पडतात. आधी सहा फुटांवर कागद ताणून त्यातून मारा, फाटलेलं भोक बघा, एका बाजूला लांब चीर आली तर बाण तिरका जातोय. मग एक फील्ड पॉइंट, एक ब्रॉडहेड, आलटून पालटून मारा. ब्रॉडहेड उजवीकडे पडत असेल तर साइटला हात लावू नका, रेस्ट किंचित डावीकडे सरकवा. किंचित म्हणजे इंचाचा बत्तिसावा भाग, स्क्रू फिरला का नाही असं वाटावं इतकं. परत मारा. दोन संध्याकाळी जातात यात, पण हे न करता जे लोक साइट सरकवतात ते दर सीझनला तीच रड घेऊन येतात.

ब्रॉडहेड लावल्यावर बाण उभा टोकावर तळहाताशेजारी एखाद्या लाकडी फळीवर भिंगरीसारखा फिरवा. टोक जागच्या जागी फिरलं पाहिजे. डगमगलं तर इन्सर्ट तिरका बसलाय, मग तो बाण सरावाचा. शाफ्टचं कापलेलं तोंड काटकोनात घासून घ्या, इन्सर्ट स्पिरिटनं पुसा, दोन भागांच्या इपॉक्सीनं चिकटवा आणि २४ तास हात लावू नका. गरम गोंद लावायचाच असेल तर कमी तापमानाचा, आणि ज्योत इन्सर्टला द्यायची, शाफ्टला कधीच नाही, कार्बनमधलं राळ जळतं आणि कळत पण नाही.

आणि पिसं पांढरी किंवा झगझगीत हिरवी घ्या, छानछोकी काळी नको. बाण आरपार गेला तर तो जमिनीत खुपसलेला सापडतो, त्या पिसांवरचं रक्त म्हणजे चिठ्ठी असते. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस, अर्धा तास गप बसा आणि मग जा. गडद काळपट असेल तर यकृत, चार-सहा तास जागचं हलू नका. हिरवट आणि वास असेल तर पोट, मग रात्रभर सोडा आणि सकाळी जा, आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या द्या. काळ्या पिसांवर यातलं काहीच वाचता येत नाही.

पिवळ्यात_दहा

काका ते रेस्टचं अगदी बरोबर, आमच्याकडे पोरं पण आधी साइटच फिरवतात. नाना, अजून एक, पिसं सरळ रेषेत नको, थोडी तिरकी चिकटवून घ्या, ब्रॉडहेडचा बाण लवकर गरगरला पाहिजे.

नोव्हीचा_नाना

तीन आठवड्यांनी रिपोर्ट. शाफ्ट आले, दुकानात समोर उभं राहून २८ वर कापून घेतले (पोरगा वैतागला पण मी हललो नाही), बाकी सगळं गॅरेजमध्ये स्वतः चिकटवलं. पितळेचे इन्सर्ट, १२५ चं टोक, पांढरी पिसं, तिरकी. बॅलन्स बघितला, बाण बोटावर तोलून, मध्यापासून पावणेपाच इंच पुढे येतो, २८ नं भागलं तर १७ टक्के, पुढून चांगलाच जड. पहिल्या दिवशी ब्रॉडहेड चार इंच डावीकडे पडत होतं, रेस्ट दोनदा हलवून आता २० वर दोन्ही मुठीत मावतात. काकांची भविष्यवाणी पण खरी झाली, धनुष्य ६३ वर नेलंय, कुणाला सांगू नका.

एकच शंका. बारा बाण वजन केले, अकरा ४६६ ते ४७० मध्ये आहेत, बारावा ४७९. फेकू का?

मचाणवाला_काका

इपॉक्सी जास्त ओतलंय तुम्ही त्यात. फेकू नका, नॉकवर मार्करनं फुली मारा आणि तो सरावाला ठेवा. क्विव्हरमध्ये (भात्यात) जाणारे पाच निवडा, जे ब्रॉडहेड लावून सलग दोन दिवस एका जागी पडले तेच. आणि हरीण मिळालं तर ७२ तासांत ऑनलाइन नोंदवायचं विसरू नका, मिशिगनात २०२२ पासून ते सक्तीचं आहे.

कोल्हापूर_ते_कोमल_काउंटी

आणि मिळालं तर मागच्या मांडीचं मटण मला विचारून करा, तांबडा रस्सा करायचा असेल तर तेल दुप्पट घाला, त्या जनावराला चरबीच नसती.

नोव्हीचा_नाना

आई म्हणते भांडं वेगळं ठेव. म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरतोय.